चार फुटी फिश टँकचा स्टँड आणि हूड – जुन्या घराच्या सागवानातून

काळीमाती (दारव्हा तालुका, यवतमाळ)
१२ एप्रिल

मागच्या श्रावणात आमच्या जुन्या घराची मागची पडवी बसली. मातीची भिंत गेली, कवेलू फुटले, पण वरच्या सागाच्या कड्या सगळ्या शाबूत निघाल्या. तीन बाय चार इंची, अकरा कड्या, आजोबांनी घर बांधलं तेव्हाच्या. त्या जळणात जाऊ देणं जिवावर आलं. धाकटीला चार फुटी टँक घेऊन द्यायचं त्याच सुमारास कबूल केलं होतं, म्हणून स्टँड याच लाकडाचा करायचा ठरवलं. गावातले वाढई काका आणि मी, दोघांनी मिळून दोन आठवडे काम केलं. स्टँड आणि हूड (टँकवरचं पेटीसारखं झाकण) उभे आहेत, टँक अजून वर ठेवलेला नाही. पाणी भरायच्या आधी इथे सगळं मांडतो. चुकलं असेल तर आत्ताच सांगा, नंतर सव्वातीन क्विंटल उचलून दुरुस्ती होणार नाही.

सव्वातीन क्विंटल कसे ते आधी सांगतो. टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे ९ घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले की २५५ लिटर होतात. काठोकाठ भरत नाही, म्हणून २३० धरा. काच १० मिमीची, तिचं वजन चौरस मीटरला २५ किलो, तळ आणि चार बाजू मिळून ५२-५३ किलो. वाळू आणि दगड ४० किलो. सिमेंटची साडेसहा पोती एका टेबलावर वर्षानुवर्षं रचून ठेवायची आणि टेबल एक सूतही (इंचाचा आठवा भाग) हलू द्यायचं नाही, असं हे काम आहे.

एवढी काळजी का, तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी दोन फुटी टँक एका लोखंडी टेबलावर ठेवला होता. पावसाळ्यात घराखालची काळी माती फुगली, एका कोपऱ्यातली फरशी वर आली आणि टेबल तिरकं झालं. काच वाकत नाही, सगळा पीळ सिलिकॉनच्या सांध्यावर येतो. रात्री तीनला आई उठली तेव्हा घरभर पाणी आणि फरशीवर मासे. त्यातले दोन वाचले. धाकटी तेव्हा सात वर्षांची होती, ती ते अजून विसरलेली नाही.

म्हणून या वेळी सुरुवात जमिनीपासून केली. जागेवरच्या शहाबादी फरश्या काढल्या, दीड फूट काळी माती उपसली, मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसने ठोकला, वर चार इंच काँक्रीट. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी लावली. नळीत बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, म्हणून बोटाने टिचक्या मारून आधी सगळे बुडबुडे काढले.

लाकडाला पहिला त्रास खिळ्यांचा. जुन्या कड्यांत गंजून मोडलेले खिळे आत बसलेले असतात, वरून दिसत नाहीत आणि करवतीचे दात घालवतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून कडीवरून फिरवलं, जिथे ओढ घेतली तिथे खडूने खूण केली. नऊ कड्यांत एकतीस खिळे निघाले. रंधा मारल्यावर आतला सोनेरी रंग आणि तो वास, अंगणभर. आई नातीला घेऊन येऊन बसली आणि कोणती कडी कोणत्या खोलीची ते सांगत राहिली.

रचना अशी: उंची ३० इंच, पाय सहा, चार कोपऱ्यांत आणि समोर-मागे मधोमध एकेक. वरच्या आडव्या कड्या पायांच्या डोक्यावर बसवल्या आहेत, पायांना बाजूने स्क्रूने टांगलेल्या नाहीत. वाढई काकांनी पटाशीने खाच पाडून कुसू बसवले, बांबूच्या खुंट्या मारल्या. स्क्रू आहेत, पण ते फक्त सांधा धरून ठेवायला. वजन लाकडावरून लाकडावर आणि लाकडावरून जमिनीवर उतरलं पाहिजे. आडव्या कड्या उभ्या बाजूने ठेवल्या, म्हणजे चार इंचांची बाजू वर-खाली. आडवी टाकली असती तर हीच कडी पावणेदोन पट लवचीक झाली असती.

वर १९ मिमीचा प्लाय, आयएस ७१० शिक्का (पाण्यात टिकणारा मरीन प्लाय) पाहून घेतलेला. खाली अडीच फुटी संप (फिल्टरची काचेची पेटी) बसवणार आहे. हूड १२ मिमी प्लायचा, आठ इंच उंच, समोरची फळी पितळी बिजागऱ्यांवर उघडते. मागची बाजू आणि छत पूर्ण बंद. आतून पांढरा एनॅमल दोन हात, बाहेरून सगळ्याला जवसाचं तेल.

सांगा.

लोहारकी (दिग्रस)

भाऊ, काम मस्त आहे. पण मले इचाराल तं मी लोखंडच सांगीन, माहा धंदाच तो आहे. दीड इंची चौकोनी पाइप घ्या, जाडी २ मिमी, त्याच्या खाली नोका जाऊ. मीटरले सव्वादोन-अडीच किलो भरते, तुमच्या मापाचा स्टँड ३० किलोच्या आसपास होते आन् एका दिवसात उभा राह्यते. वाळवी नाही, काही नाही. रेड ऑक्साइडचे दोन हात मारा, पायाले खालून टोप्या लावा, नाहीतं पुसायचं पाणी पाइपात जाऊन आतून सडते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. टँक जवळ असताना ग्राइंडर चालवू नोका. ठिणगी काचेले लागली की तिथी बारीक खड्डा पडते, पुसून निघत नाही. आमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा नवा टँक असाच खराब झाला होता, भरून द्या लागला.

काळीमाती

लोहारकीभाऊ, घरात या कड्या नसत्या तर तुमच्याकडेच आलो असतो. वाळवीचं भय आहेच. पायांखाली कडप्प्याचे सहा इंची तुकडे टाकले आहेत, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही आणि वाळवीने माती चढवलीच तर ती दिसेल. स्टँड भिंतीपासून चार इंच पुढे आहे, हात जातो.

पाणकणीस (आर्वी)

थर्माकोल टाकणार का? मला टँक विकणाऱ्याने सांगितलं की थर्माकोल टाकला की स्टँडमधलं कमी-जास्त भरून निघतं.

काळीमाती

टाकणार, पण त्या कारणासाठी नाही. टँकचा तळ सपाट, बिनफ्रेमचा असेल तर तळकाचेखाली वाळूचा एखादा खडा किंवा प्लायचा उंचवटा राहून जातो आणि सगळा भार त्या बिंदूवर येतो. १० मिमीचा थर्माकोल तो खडा पोटात घेतो. तिरपा स्टँड त्याने सरळ होत नाही. लेव्हल पायाखालीच करायची, पत्र्याचे तुकडे सारून. पुठ्ठा नको, ओल लागली की तो दबतो.

तुमच्या टँकला खालून प्लास्टिकची फ्रेम असेल आणि तळकाच त्या फ्रेममुळे अधांतरी असेल, तर थर्माकोल मुळीच घालू नका. तो टँक कडांवरच उभा राहण्यासाठी केलेला असतो, मधून दाब आला तर तळकाच तडकू शकते.

पाणकणीस

माझा फ्रेमचाच आहे. आजच काढतो.

तळेगावकर

काळीमाती, एक विचारू? संप अडीच फुटी म्हणता आणि समोर मधोमध पाय आहे. मग दोन पायांत मोकळी जागा किती उरली?

काळीमाती

उण्यापुऱ्या १९ इंचांची. संप आधी आत ठेवून मग मागचा प्लाय मारायचा विचार होता.

तळेगावकर

मीही तेच केलं होतं. दीड वर्षाने संपची एक आडवी काच सुटली. बाहेर काढायला रस्ताच नाही. शेवटी टँक रिकामा करून, मासे तीन दिवस ड्रममध्ये ठेवून, स्टँड मागून कापावा लागला. ऐन मे महिन्यात. तीन दिवसांत निम्मे मासे गेले.

तुमच्या समोरच्या कडीवर अर्धं वजन येणार, म्हणजे १६०-१६५ किलो, तेही सारखं पसरलेलं. चार इंच उभी सागाची कडी तेवढं मधल्या पायाशिवाय सहज पेलते, असा माझा हिशेब आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. पाय काढा, वजन ठेवून पाहा, मग ठरवा.

जवसफूल (समुद्रपूर, वर्धा)

मला हूडबद्दल बोलायचं आहे. छत बंद, मागची बाजू बंद, आत दिवे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पार करतो. हा हूड म्हणजे टँकवर पालथी घातलेली पेटी होईल.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमध्ये ८.३ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ च्या आतच. आणि त्याच गरमीत माशांना तो जास्त लागतो. मे महिन्यात सकाळी उठून पाहावं तर मासे वरती तोंड काढून आहेत, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे. बहुतेकांना वाटतं रोग आला, आणि औषध टाकतात.

मी माझ्या हूडच्या मागच्या फळीत दोन गोल भोकं पाडली आणि कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे बसवले, हवा आत पाण्यावर फेकतील असे. समोर वरच्या कडेला दोन इंचांची लांब फट ठेवली, तिला जाळी ठोकली. पंखा पाणी उडवतो आणि उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं. हिशेब असा आहे: तुमच्याएवढ्या टँकमधलं एक लिटर पाणी उडालं की उरलेल्या पाण्याचं तापमान साधारण सव्वादोन-अडीच अंशांनी उतरावं इतकी उष्णता त्याच्यासोबत जाते. बाहेरून परत उष्णता येत राहते म्हणून थर्मामीटरवर पूर्ण फरक दिसत नाही. माझ्याकडे ३४ चं ३१ झालं. विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे तोवर हे चालतं. त्याच खोलीत खिडकी बंद करून कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंख्याचा गुण कमी होतो.

पंखे १२ व्होल्टचे घेतले ते भारनियमनासाठी. फवारणी पंपाच्या बॅटरीवर रात्रभर चालतात.

आणि जवसाच्या तेलाचं. आमच्या घरी जवस पिकतो, तेल आम्ही वर्षानुवर्षं लाकडाला लावतो. तेल पुसलेल्या चिंध्या तुम्ही कुठे टाकल्या? त्या बोळा करून कोपऱ्यात ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता अडकते आणि चिंधी आपोआप पेटते. आमच्या कोठ्यात असं झालं आहे, शेजारी कुटार रचलेलं होतं. दोरीवर सुट्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

काळीमाती

ताई, चिंध्या टोपलीतच होत्या. तुमचं वाचून लगेच उठलो. टोपलीत हात घातला तर आतली चिंधी कोमट लागली. सगळ्या बादलीत बुडवल्या. कसे आभार मानू ते कळत नाही.

पंख्यांची भोकं उद्या पाडतो.

खारपाण (दर्यापूर)

जवसफूल यांचं पंख्याचं सगळं बरोबर, पण पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. आम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहतो, बोअरचं पाणी मुळातच खारं. उडालेलं पाणी पुन्हा बोअरच्याच पाण्याने भरत राहिलं की टँक महिन्या-महिन्याला जास्त खारट होत जातो. उडालं तेवढं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घाला. बोअरचं पाणी पाणी बदलताना वापरा.

याच कारणाने मी लोखंडी स्टँडवरून लाकडावर आलो. हूडच्या कडेने थेंब ओघळतात, वाळून पांढरं मीठ राहतं, आणि त्याच्याखाली रंग फुगून गंज धरतो. लोहारकीभाऊंनी राग मानू नये, तुमच्याकडे पाणी गोडं असेल.

हूडला आतून स्क्रू स्टेनलेसचे लावा. कडेला आतल्या बाजूने काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची अर्धा इंची पट्टी अशी चिकटवा की थेंब परत टँकमध्येच पडेल.

लोहारकी

राग कायचा भाऊ. खाऱ्या पाण्याले लोखंड टिकत नाही हे खरंच आहे.

मामातलाव (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)

आमच्याकडे मासे म्हणजे मालगुजारी तलावातले. मी मरळ पाळतो, लहानपणापासून ढीवरांच्या मुलांसोबत तलावावर वाढलो, तेव्हापासूनचा नाद आहे. मरळ पाळायची असेल तर हूडला वजन हवं किंवा कडी हवी. हातभर मरळ झाकण उचलून बाहेर येते, आणि ओल्या फरशीवरून चालल्यासारखी सरकत दाराशी जाते.

पण झाकण पाण्याला टेकवून बंद करू नका. मरळ वर येऊन हवा घेते, तिला नुसतं पाण्यातलं पुरत नाही. पाण्यावर दोन-तीन इंच मोकळी जागा नसली तर पाण्यात राहून ती गुदमरते. लोक उडी मारू नये म्हणून काठोकाठ भरून वर काच दाबतात आणि मग मासा का मेला विचारतात.

आलापल्ली

काळीमातींचं लाकूड घरचंच, घरातच वापरलं, त्यामुळे प्रश्न नाही. पण हा धागा वाचून कोणी सागवान शोधायला निघेल म्हणून लिहितो. साग अनुसूचित झाड आहे, स्वतःच्या शेतातला तोडायचा तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते. लाकूड विकत घ्याल तर पावती आणि वाहतूक परवाना मागून घ्या. स्वस्तात मिळतंय म्हणून रात्रीच्या गाडीतलं घेऊ नका. आलापल्लीचं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांपर्यंत गेलं याचा आम्हाला अभिमान आहे, आणि चोरीने किती जातं तेही आम्ही इथे राहून पाहतो.

स्टँडला साग लागतोच असंही नाही. बीजाचं लाकूडही उत्तम. बाभूळ घट्ट असते, पण पुरती वाळलेली घ्या, ओली असली तर पिळते.

तारतंत्री (मंगरूळपीर)

प्लग कुठे आहेत? टँकच्या मागे, खाली भिंतीत असतील तर आत्ताच हलवा. बोर्ड टँकच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर हवा. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली एक झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोलाच्या तळाला गळेल, प्लगमध्ये जाणार नाही.

बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. हूडमध्ये हात घातलेला असताना ट्यूबचा करंट पाण्यात उतरला तर हीच वाचवते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात वाळतो, मीठ-कोळसा घालूनही. आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकत जा. घरात लहान मुलगी आहे म्हणता, हे काम टँक भरायच्या आधी.

काळीमाती
२१ एप्रिल

आठ दिवस लागले, पण सगळं केलं.

मधल्या पायाचं आधी. वाढई काका तयार नव्हते. 'बसवलेला कुसू काढत नसतात,' म्हणाले. शेवटी ठरलं की तपासून पाहू. पाय कापला. समोरच्या कडीच्या खालच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवणाचा दोरा ताणून बांधला, कडीला जेमतेम टेकलेला. मग वर सिमेंटची पोती ठेवत गेलो. दोन, चार, सहा, आणि एक अर्धं. दर पोत्यानंतर काका गुडघ्यावर बसून दोऱ्याकडे पाहायचे. साडेसहा पोत्यांवर कडीने दोरा मधोमध खाली ढकलला होता. पोती तशीच ठेवून मध्ये कडीच्या पोटावरून पट्टी धरून मोजलं, दोन पोस्टकार्डांच्या जाडीएवढं. रात्रभर ठेवलं, सकाळी तेवढंच. काका उठले, कडीवर हात ठेवला आणि म्हणाले, 'तुह्या आजानं लाकूड पाहून घेतलं होतं.' आता समोर ४२ इंचांची मोकळी जागा आहे, संप सरळ बाहेर येतो. मागचा मधला पाय ठेवला आहे.

मागे १२ मिमीचा प्लाय पूर्ण ठोकला, फक्त पाइपांपुरती भोकं. तो मारायच्या आधी स्टँड हाताने ढकलला तर बाजूला किंचित डुलायचा, मारल्यावर डुलणं संपलं.

हूडला दोन पंखे, समोर जाळीची फट, आत अ‍ॅक्रिलिकची पट्टी. बोर्ड उजव्या भिंतीला, छातीएवढ्या उंचीवर. आरसीसीबी लावली, तिचं टेस्ट बटण धाकटीने दाबलं.

काल निम्मं पाणी भरलं. आज नळी लावली, कोपऱ्यांतले चारही पाय एका पातळीत. खालची दारं अडकत नाहीत. आता उरलेलं भरतो. आमचं बोअरचं पाणी जड आहे, म्हणून मॉली आणि गप्पी आणणार, त्यांना ते मानवतं.

जवसफूल

मासे लगेच आणू नका. पाणी तीन-चार आठवडे फिरू द्या, फिल्टरमध्ये जिवाणू धरू द्या. पहिले चार-पाच गप्पी, बस.

काळीमाती

होय ताई. धाकटीने कॅलेंडरवर खूण केली आहे.

काळीमाती
२ जुलै

मृगाने ओढ दिली, पण मागच्या आठवड्यात तीन दिवस झड लागली. काळी माती पुन्हा फुगायला लागली म्हणून आज नळी लावली. समोरचा उजवा पाय अर्धा सूत वर दाखवतो आहे. पाणी उतरवू का? मन धास्तावलं आहे.

तळेगावकर

आधी मागचा उजवा मोजा. तोही तेवढाच वर असेल तर सगळा स्टँड एका बाजूला किंचित कलला आहे, चार फुटांत अर्धा सूत काचेला काहीच नाही. एकटा समोरचाच वर असेल तर पीळ आहे. पीळ असेल तर पाणी निम्म्यावर आणा आणि मग पत्रा सारा.

काळीमाती

मोजला. दोनदा मोजला, दुसऱ्यांदा आईला नळी धरायला लावून. मागचा उजवाही अर्धा सूतच वर आहे. डावे दोन्ही सारखे. पाणी तसंच ठेवलं. पायांवर पेन्सिलीने आजची तारीख आणि पातळी लिहून ठेवली आहे, पोळ्याला पुन्हा मोजतो. मॉलीने पिलं दिली आहेत, धाकटीने चौदा मोजली.